घाण पाणी नेणारी उल्बिया

उल्बिया नासारेनोनं वल्ह्यानं नवऱ्याचा हात मोडला, त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं. तोवर ती म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला, खाडीत खांब रोवून बांधलेल्या घरांपैकी शेवटच्या घरात राहणारी, उत्तरेकडून आलेली एक उंच, तोंडाळ बाई, एवढंच मला माहीत होतं. नवरा फुल्हेन्सिओ दारू पिऊन तिला पट्ट्यानं मारायचा. त्यात नवल काही नव्हतं, गल्लीत बऱ्याच घरांत तेच चालायचं. त्या दिवशी त्यानं तिची शिंपल्यांची टोपली उचलून पाण्यात फेकली. दिवसभर कमरेइतक्या चिखलात वाकून काढलेले शिंपले. उल्बियानं होडीतलं वल्हं उचललं आणि त्याच्या उजव्या हातावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज मला माझ्या चुलीपाशी ऐकू आला.

मग तिनंच त्याला होडीत घातलं आणि त्याच वल्ह्यानं होडी वल्हवत खाडीपलीकडच्या दवाखान्यात नेलं. वाटभर शिव्या देत होती. "ओरडू नकोस रे, मी ओरडले होते का कधी?" फुल्हेन्सिओ दवाखान्यातून परस्पर कुठे गेला कोण जाणे, परत आला नाही.

आमची वस्ती नुएवा तोलिता. ग्वायाकील शहराच्या दक्षिणेला, खारफुटी तोडून भर टाकलेली. मी गल्लीच्या तोंडाशी सकाळी माशाचा रस्सा विकते, युकाचा कंद घातलेला, वर लिंबू पिळलेला कांदा. रात्री प्यायलेल्यांना तो सकाळी लागतोच. त्यामुळे वस्तीत कोण कुठे गेलं, कोण कुणावर उठलं, हे माझ्या पातेल्यापाशी सगळ्यांच्या आधी कळतं. उल्बियाची माझी मैत्री झाली ती त्या वल्ह्यानंतर. ती ओहोटीला शिंपले काढायला जायची, भरती लागली की माझ्याकडे येऊन वाटीभर रस्सा प्यायची आणि गिऱ्हाइकांना टोमणे मारायची.

महामारीत आमच्या शहरात प्रेतं फुटपाथवर पडली होती. ते ओसरल्यावर प्रयोगशाळेची पांढरी गाडी वस्तीत यायला लागली. बरोबर एक बाई होती, हिमेना नावाची. डोंगरातली, गोरटेली, हळू बोलणारी. तिला वस्तीचं सगळं सांडपाणी जिथं खाडीत पडतं त्या मोठ्या पाइपाच्या तोंडापर्यंत जाणारं माणूस हवं होतं. वाट नव्हती. ओहोटीला मांडीभर चिखलातून, खारफुटीच्या मुळांवरून जावं लागायचं. माझ्या बाकावर बसलेले पुरुष हसले. "आमचा गू काढायला माणूस पाहिजे म्हणे!"

उल्बिया म्हणाली, "मी रोज त्याच चिखलात हात घालते. तिथलेच शिंपले तुम्ही लिंबू पिळून खाता. तेव्हा नाही हसत."

तशी ती त्या कामाला लागली. काम म्हणजे काय, तर गॉजचा मुठीएवढा बोळा मासेमारीच्या दोऱ्याला बांधून पाइपाच्या तोंडात सोडायचा, दुसऱ्या दिवशी काढून पिशवीत घालायचा, शिवाय बाटलीभर पाणी घ्यायचं आणि सगळं बर्फाच्या पेटीत गाडीपर्यंत पोचवायचं. हिमेनाबाईंनी तिला समजावून सांगितलं होतं, की माणसाच्या पोटात रोगाचा जंतू असला की तो शौचावाटे गटारात उतरतो. माणूस आजारी दिसायच्याही आधी. आमच्याकडे ना दवाखाना, ना डॉक्टर. साथ आल्याचं कळायचं ते मुलं दगावायला लागली की. पाइपाचं पाणी तपासलं तर ते आधी कळतं.

उल्बिया तेच मला आपल्या भाषेत सांगायची. "माणूस तोंडानं खोटं बोलतो गं मार्यु. ढुंगण नाही बोलत."

गाडीचा चालक एलेउतेरिओ. पोट सुटलेला, मिशीवाला, नदीकडच्या भातशेतीतला. गाडी माझ्या दुकानासमोर लावायचा आणि उल्बिया चिखलातून वर येईपर्यंत हिरव्या केळ्याचा तळलेला गोळा खात बसायचा. ती वर आली की नाकाला रुमाल लावायचा आणि मानानं दोन्या, म्हणजे बाईसाहेब, म्हणून हाक मारायचा.

"दोन्या उल्बिया, आज कुठलं अत्तर?"

"तुझ्या बायकोनं पाठवलंय म्हाताऱ्या. म्हणाली, नवऱ्याला ओळखीचा वास येऊ दे."

दोघं पोट धरून हसायचे. हातमोजे घालूनच पेटी घ्यायची असा नियम होता. एलेउतेरिओ मोजे घालायचा, पण आधी तिचा हात धरून तिला कट्ट्यावर ओढून घ्यायचा, उघड्या हातानं. हे मी दर खेपेला बघायचे.

तिनं हे काम का धरून ठेवलं, ते मला एकदाच सांगितलं. उत्तरेला त्यांचं घर होतं तेव्हा तिला नेमेसिओ नावाचा मोठा भाऊ होता. पोलिओनं त्याचे दोन्ही पाय गेले होते. फळ्यांवरून तो हातांनी सरकत जायचा. एक दिवस शेजारच्या चुलीतून आग लागली. बांबूची घरं, वाऱ्याचा दिवस. सगळे पाण्यात उड्या मारून सुटले. बापाला वाटलं, नेमेसिओला आईनं घेतलंय. आईला वाटलं, बापानं. "तो माझं नाव घेऊन ओरडत होता. आईचं नाही, माझं. मी लहान होते, गळ्यापर्यंत पाण्यात उभी होते," एवढं बोलून उल्बियानं वाटी खाली ठेवली आणि शेजारच्या माणसाला उगाचच शिवी दिली.

आता चपट्याबद्दल सांगते. त्याचं खरं नाव डार्विन काइसेदो. नाक बसकं म्हणून चपट्या, पण तेही त्याच्या पाठीमागे. वस्ती त्याच्या टोळीची होती. दर आठवड्याला त्याच्या पोरांना जे पैसे द्यावे लागतात त्याला आमच्याकडे लस म्हणतात. लस घेतली की गोळी लागत नाही, असा त्यातला विनोद. तुम्ही लस घेतलीत का, असं कुणी विचारलं की आमचा हात आधी खिशाकडे जातो. त्याची आई उल्बियाबरोबर शिंपले काढायची. उल्बियानं त्याचा शेंबूड पुसलेला होता. तो तिला मावशी म्हणायचा.

बर्फाचा जुना कारखाना होता, तिथं त्याची माणसं पांढरी पावडर धुऊन, सुकवून पुड्या बांधायची. त्या वर्षी पोलिसांनी तिथं धाड घातली. गोळीबारात चपट्याचा धाकटा भाऊ मेला. पोलिसांना कुणी सांगितलं याचा शोध सुरू झाला. न्हाव्याच्या दुकानातल्या एका माणसाला बडवून बडवून मारलं. त्यानं सांगितलं नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग टोळीतल्या कुणीतरी फोनवर पाहिलं, की परदेशात पोलीस गटाराचं पाणी तपासून कुठल्या मोहल्ल्यात किती पावडर आहे ते शोधतात. आणि आमच्या गटाराचं पाणी तर दर आठवड्याला पांढऱ्या गाडीतून जात होतं.

इकडे त्याच सुमाराला हिमेनाबाईंचा उल्बियाला फोन आला. पाण्यात काहीतरी दिसतंय, पोलिओसारखं. खात्री करायला आणखी पाणी हवं. उल्बियानं मला ते सांगितलं. "त्या रोगाला मी ओळखते," एवढंच म्हणाली.

ती सकाळ उन्हाची होती. माझ्या बाकावर दाटी होती. उल्बिया पेटी घेऊन वर आली, एलेउतेरिओनं हात दिला, मग मोजे चढवले, आणि मोटारसायकली आल्या. गिऱ्हाइकांनी वाट्या तशाच ठेवल्या. काही जण बाकाखाली शिरले, काही भिंतीला चिकटले. माझ्या हातात डाव होता, तो हातातच राहिला.

त्यांनी एलेउतेरिओला गुडघ्यावर बसवलं. एकानं पेटी उघडली. बाटली काढून उन्हात धरली.

"हे कुणाला दाखवतोस, काका?"

"प्रयोगशाळेत देतो, पोरा. मी फक्त गाडी चालवतो."

"पोलिसांना नाही?"

"पोलिसांना हा वास कुठला सोसायला?" एलेउतेरिओनं हसायचा प्रयत्न केला. त्याला वाटलं असेल, हसवलं की सुटू.

त्या पोरानं बाटली उघडून त्याच्या डोक्यावर अर्धी ओतली. उरलेली त्याच्या तोंडाला लावली. "रोग शोधताय ना? मग पी. बघू तुला काय होतं." नाक दाबून पाजली. एलेउतेरिओ ओकला, पुन्हा पाजली. उल्बिया धावून गेली. तिच्या हातात शिंपले उकरायचा लोखंडी आकडा होता, तो तिनं त्या पोराच्या खांद्यात रुतवला. पोरगं किंचाळलं. दुसऱ्यानं बंदुकीच्या दस्त्यानं तिच्या तोंडावर मारलं, ती पडली. पडल्यावर लाथा. मी ओरडत होते, पण काय ओरडत होते ते आठवत नाही.

मग त्यांनी एलेउतेरिओला गोळी घातली. तोंडात बंदुकीची नळी घालून. त्याच्या हातात अजून मोजे होते. गाडीच्या पांढऱ्या दारावर सगळं उडालं, माझ्या पातेल्याच्या झाकणावरही.

जाताना त्यांनी पेटीवर गोळ्या झाडल्या, पाइपाचं पाणी आता बंद, चपट्याचा हुकूम, असं बजावलं आणि मला म्हणाले, "बाई, रस्सा थंड होतोय. वाढा."

उल्बियाचे पुढचे दात गेले होते, एक बरगडी मोडली होती. ती रांगत एलेउतेरिओपाशी गेली आणि त्याचे मोजे काढत बसली. दोन्ही मोजे काढले, घडी केली, त्याच्या खिशात ठेवले. तिला उठवायला आम्ही दोघी-तिघी लागलो.

अंत्यविधीला ती गेली. मी म्हटलं, जाऊ नकोस, तुझं तोंड बघ कसं झालंय. ती म्हणाली, "त्याचं बघ कसं झालंय." शवपेटी बंदच ठेवावी लागली होती. एलेउतेरिओची बायको, बेत्साबे, छोटीशी बाई. तिनं उल्बियाला ओळखलं. वासाची बाई म्हणून तो तिच्याबद्दल घरी सांगत असणार. बेत्साबे सरळ चालत आली आणि तिनं उल्बियाच्या सुजलेल्या तोंडावर थोबाडीत मारली. मग मुठींनी मारायला लागली. छातीवर, मोडलेल्या बरगडीवर.

"पाण्यासाठी? घाणेरड्या पाण्यासाठी गेला तो? तुमच्या गुवासाठी?"

उल्बिया हात खाली सोडून उभी राहिली. शपथेवर सांगते, तिनं एकदाही हात वर उचलला नाही. बेत्साबेला तिच्या मुलींनी बाजूला नेलं. उल्बियाच्या ओठातून पुन्हा रक्त यायला लागलं. परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. वस्ती जवळ आली तेव्हा म्हणाली, "ती बरोबर बोलली. पाण्यासाठीच गेला. मग पाणी तरी पोचायला नको?"

प्रयोगशाळेनं आमच्या वस्तीत गाडी पाठवणं बंद केलं होतं. त्यांचंही चूक नव्हतं. उल्बियानं हिमेनाबाईंना फोन लावला. मी शेजारी होते.

"मी आणते पाणी."

"दोन्या उल्बिया, मी तुम्हाला मरायला सांगू शकत नाही."

"तू कुठे सांगतेयस? मी सांगतेय."

"मला परवानगी नाही."

"परवानगी माझीही कुणी विचारत नाही. तू मासळी बाजारात शिंपले घ्यायला येतेस की नाही, तेवढं बोल."

पलीकडून हळूच आवाज आला, "मला शिंपल्यांचा वाससुद्धा सहन होत नाही."

"होईल सवय," उल्बिया म्हणाली.

बरगडी धड सांधलीही नव्हती तेव्हापासून ती पुन्हा चिखलात जायला लागली. मोटारसायकलवरची पोरं काठावरून बघायची. शिंपले काढणारी म्हातारी, तोंडात चुरूट, डास पळवायला. ती वाकायची, उकरायची, टोपलीत टाकायची, मुळांमुळांतून पाइपाकडे सरकायची. बोळा काढून पिशवीत, पिशवी टोपलीत, वर काळे शिंपले. मग होडीनं पलीकडच्या बाजारात. तिथं हिमेनाबाई डोक्याला रुमाल बांधून, नाक मुरडत शिंपले विकत घ्यायच्या. एकदा काठावरच्या पोरानं टोपली पुढ्यात ओढली आणि वरचे शिंपले उचलून चाकूनं फोडून तिथंच खाल्ले. उल्बिया त्याच्या तोंडाकडे बघत उभी. "लिंबू देऊ?" तिनं विचारलं. तो हसला आणि टोपली परत ढकलली.

दर खेपेला पाण्यात तेच दिसत होतं. शेवटी खात्री झाली. पोलिओचा जंतू आमच्या वस्तीत फिरत होता, मुलांच्या पोटापोटांतून. अजून कुणी लुळं पडलेलं नव्हतं. सगळ्या लहान मुलांना लगेच थेंब पाजायला हवे होते. सरकारी माणसं म्हणाली, आम्ही तयार आहोत, पण त्या वस्तीत आमच्या नर्सांना पाठवणार नाही. एक माणूस गेला तेवढं पुरे झालं.

तेव्हा उल्बियानं अंघोळ केली. धुतलेला झगा घातला, केस बांधले. मी विचारलं, कुठे? म्हणाली, "डार्विनकडे."

मी तिच्या मागोमाग गेले. भीती वाटत होती, तरी गेले. फुटबॉलच्या सिमेंटच्या मैदानावर दुपारचा चपट्या पायरीवर बसलेला असायचा. भोवती माणसं, मांडीवर त्याची तीन-चार वर्षांची मुलगी, गोळी चोखत. ज्याच्या खांद्यात आकडा रुतला होता तोही तिथंच होता.

"बसा मावशी."

"बसायला नाही आले. वस्तीतल्या लहान पोरांना थेंब पाजायचेत. नर्सा येतील. त्यांच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही."

"कसले थेंब?"

"पाय लुळे पाडणारा रोग आलाय. आपल्या पाइपाच्या पाण्यात सापडलाय."

चपट्यानं मुलीला बाजूला ठेवलं. "पाइपाचं पाणी मी बंद केलं होतं."

"मी नेलं. शिंपल्यांखालून."

मला वाटलं, आता इथंच तिला झोपवणार.

"कधीपासून?"

"तुझ्या माणसांनी एलेउतेरिओला मारलं, तेव्हापासून."

"त्यात आमचा माल दिसतो की नाही, मावशी? खरं सांगायचं."

"दिसत असेल. त्यांना बघायचा नव्हता, त्यांनी बघितला नाही. इतके महिने पाणी जातंय. तू पावडर धुवायचं ठिकाण हलवलंस, ते पाणीही त्याच पाइपातनं येतंय. एक तरी पोलीस आला का? पोलिसांना पाणी मिळत असतं, तर तू इथं पोरगी खेळवत बसला असतास?"

चपट्यानं आपल्या माणसांकडे पाहिलं. न्हाव्याकडचा माणूस मेला होता, एलेउतेरिओ मेला होता, आणि धाडीची खबर कुणी दिली ते अजून कुणालाच माहीत नव्हतं. मग चपट्या आपल्या मुलीकडे वळला. ती सिमेंटवर उड्या मारत होती.

"येऊ देत नर्सा," तो म्हणाला. "माझी पोरं त्यांच्याबरोबर फिरतील. डार्विननं थेंब पाजले, असं वस्तीला कळू दे."

"कळू दे."

"आता दुसरं." त्याचा आवाज जराही चढला नाही. "मी नको म्हटलं होतं. तुम्ही चोरून नेलंत. मी हे असंच सोडलं, तर उद्या जो तो चोरून काहीही नेईल."

"मग?"

"हात पुढे करा."

मी मध्ये पडले. कुणीतरी माझे केस धरून मला खाली बसवलं. उल्बियानं उजवा हात पाठीमागे नेला आणि डावा पुढे केला. "हा घे. उजव्यानं शिंपले काढते मी."

बाजारात मासे कापणारा एक जण त्यांच्यात होता. त्यानं तिचा हात पायरीच्या कडेला ठेवला. तिनं चपट्याला शिव्या द्यायला सुरुवात केली, त्याच्या आईला, आजीला, त्याच्या मेलेल्या भावाला, ओरडून ओरडून, साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशा. सुरा दोनदा बसला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. शिव्या मध्येच तुटल्या आणि जो आवाज आला तो माणसाचा वाटला नाही. तिचा झगा खाली ओला झाला. चपट्याची मुलगी रडायला लागली, त्यानं तिला उचलून घेतलं आणि तिचे डोळे झाकले.

मी माझा एप्रन फाडून हात बांधला. घरी नेईपर्यंत ती माझ्या खांद्यावर अर्धी बेशुद्ध होती. "एलेउतेरिओला म्हणावं, येतायत नर्सा," असं काहीतरी बडबडत होती.

नर्सा आल्या त्या दिवशी तिला ताप होता, तरी उठली. बरं झालं उठली. कारण सरकारी गाडीवरच्या कर्ण्यातून घोषणा सुरू झाली, "घरोघरी लस! सर्वांनी लस घ्यावी! आम्ही आपल्या दारी लस घेऊन येत आहोत!" आणि गल्लीतली दारं धडाधड बंद. बरोबर पिस्तुलं लावलेली चपट्याची पोरं. कोण दार उघडणार? एका घरातून बाईचा आवाज आला, "या आठवड्याची दिली हो आम्ही! लेकराची शपथ!"

उल्बियानं कर्णा हिसकावून घेतला. "अगं ए बायांनो, ही तोंडात घालायची लस आहे, खिशातली नाही! पोरं बाहेर काढा, नाहीतर मी आत येते!" ती आत येईल, हे सगळ्यांना माहीत होतं. दारं उघडली. ती प्रत्येक दाराशी उभी राहिली. फडक्यात गुंडाळलेला हात छातीशी, फडक्यातून पिवळं झिरपत होतं. मुलं तिला बघून घाबरायची, तोंड उघडायची, तेवढ्यात नर्स थेंब टाकायची. चपट्याच्या मुलीलाही पाजले. एकही घर सुटलं नाही. नंतर आणखी एकदा नर्सा आल्या, तेव्हा दारं आपोआप उघडली.

पुढं काय झालं तेही सांगते. पावसाळा संपायच्या आत पलीकडची टोळी होड्यांतून आली. चपट्या जेवत होता. त्याला आणि ताटावर बसलेल्या सगळ्यांना मारलं. त्याचं डोकं मैदानाच्या जाळीला टांगलं होतं, ते दोन दिवस कुणी काढलं नाही. मग चपट्याची माणसं कोण कोण, याची विचारपूस सुरू झाली. कुणीतरी सांगितलं, ती शिंपलेवाली, तिच्याबरोबर त्याची पोरं घरोघर फिरत होती. लस गोळा करायला.

त्यांनी तिचं घर पेटवलं. ती चिखलात होती म्हणून वाचली. काठावर येऊन तिनं आपलं घर जळताना पाहिलं. मी तिला धरून ठेवलं होतं, पण धरायची गरज नव्हती. ती हलली नाही. फक्त वारंवार विचारत होती, "आत कुणी नाही ना? मार्यु, बघ ना, आत कुणी नाही ना?" तिथं ती एकटीच राहायची, हे मी तिला पुन्हा पुन्हा सांगत होते. आग विझल्यावर तिनं स्वतः राखेत उतरून खात्री केली. तेव्हापासून ती माझ्याकडे राहते.

बेत्साबेला एकदा निरोप पाठवला, की जंतू सापडला होता आणि मुलांना थेंब मिळाले. उत्तर आलं नाही. उल्बिया म्हणाली, "कशाला देईल? माझ्या निरोपानं नवरा परत येणार आहे का तिचा?"

नव्या टोळीची माणसंही माझ्याकडेच रस्सा प्यायला येतात; घर जाळलं, तेवढ्यावर त्यांच्या लेखी तिचा हिशेब मिटला. बोळा ती आता कुठे बांधते ते मी सांगणार नाही. हिमेनाबाईंचा महिन्याला फोन येतो. पोलिओ पुन्हा दिसलेला नाही. मध्ये कावीळ दिसली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी पाणी उकळून प्यायलं.

परवाचीच गोष्ट. बाकावर एक नवा माणूस होता, टँकरनं पाणी आणून विकणारा. उल्बिया कांदा चिरत होती. तिच्या हाताकडे बघून त्यानं शेजाऱ्याला विचारलं, ही तीच का. शेजारी म्हणाला, तीच. तर तो म्हणतो कसा, "उगाच घालवली की बोटं. एक तरी पोर लुळं पडलं का? काही नव्हतंच. बाईनं नुसता गोंधळ घातला, आणि तो बिचारा ड्रायव्हर फुकट मेला."

उल्बियानं सुरी खाली ठेवली. शांतपणे माझ्या हातातला डाव घेतला, पातेल्यातला उकळता रस्सा भरला आणि त्याच्या मांडीवर ओतला. माणूस किंचाळत उठला, बाक उलटा झाला, वाट्या फुटल्या. नव्या टोळीची दोन पोरं कमरेला हात लावून उभी राहिली.

"मुलं पळतायत म्हणून बोलतोस हे!" ती त्याच्या अंगावर ओरडली. मैदानाकडे हात केला, तीन बोटांचा. तिथं शाळेतून आलेली मुलं चेंडूमागे धावत होती, एकमेकांना पाडत होती, पडून उठत होती. "पळतायत! दिसतंय का तुला? पळतायत!"

ती दोन पोरं एकमेकांकडे बघून हसली आणि खाली बसली. टँकरवाल्याला मी थंड पाणी दिलं. उल्बियाचा राग उतरला नव्हता. ती पुन्हा कांदा चिरायला बसली आणि दुपारपर्यंत कुणाशी बोलली नाही.